शिवेवरचा निरोप

पाहुण्याला निरोप देण्याच्या बाबतीत माझ्या व्याह्यांच्या तोडीचा माणूस उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे आणि आवश्यकता भासल्यास ते शपथपत्रावर करण्याचीही माझी तयारी आहे. शहरातला माणूस लिफ्टचे दार मिटेपर्यंत हात हलवतो. तालुक्याच्या गावचा माणूस फाटकापर्यंत येतो आणि मूळ भेटीपेक्षा अधिक वेळ त्या फाटकातच बोलतो. खेड्यातला माणूस एस.टी. येईपर्यंत थांब्यावर उभा राहतो. माझे व्याही डोंगर चढत. 'बरं हाय मग, या' एवढे म्हणण्यासाठी भर उन्हात आख्खा डोंगर चढून जाणारा आणि ते म्हणून झाल्यावर उतरून येणारा दुसरा गृहस्थ मी पाहिलेला नाही. 'चढत' हा भूतकाळ मी विचारपूर्वक वापरला आहे. त्याचे कारण पुढे येईलच. ते लिहिताना माझी लेखणी सभ्यतेच्या मर्यादेत राहील, अशी हमी मात्र मला आत्ता देता येत नाही.

पौडहून निघून माले ओलांडले आणि धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने बरेच आत गेले, की डोंगराच्या पायथ्याशी माझ्या मुलीचे सासर लागते. जावई संगणकाच्या कंपनीत आहेत, पण शनिवार-रविवार ती दोघे गावी असतात. गावामागच्या डोंगराला गावकरी शिवेचा डोंगर म्हणतात, कारण गावची शीव, म्हणजे हद्द, त्याच्या माथ्यावर आहे. आणि योगायोगाने तीच तालुक्याची आणि जिल्ह्याचीही हद्द आहे. डोंगर अगदी सामान्य. त्यावर किल्ला नाही, बुरूज नाही, पाण्याचे टाके नाही, लेणे नाही. कोणी राजा तिथून निसटला नाही आणि कोणी सरदार तिथे पडला नाही. टेकडी म्हटले तर त्याचा अपमान होतो आणि शिखर म्हटले तर म्हणणाऱ्याचा. चढताना दम लागतो, परंतु बोलणे थांबत नाही, एवढीच त्याची उंची. माथ्यावर शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा एक दगड आहे. दगडाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे रायगड. अलीकडे वळून पाहिले तर धरणाचे पाणी हाताच्या बोटांसारखे दऱ्यादऱ्यांत शिरलेले दिसते, आणि पलीकडे जमीन एकाएकी तुटून खाली निळसर धुरकट कोकण पसरलेले असते.

व्याह्यांच्या घराण्याची रीत अशी, की आपल्या शिवेत आलेला माणूस हा आपला पाहुणा आणि पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचे. तो ओळखीचा आहे की अनोळखी, त्याला बोलावले होते की तो वाट चुकून आला आहे, हा प्रश्न गौण. या रीतीचा पहिला अनुभव मी सोयरीक ठरवायला गेलो, तेव्हा घेतला. बोलणी झाली, जेवण झाले, आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो. व्याही गाडीच्या खिडकीला हात लावून चालू लागले. मला वाटले, अंगणाच्या टोकाला थांबतील. ते थांबले नाहीत. पूर्वेकडची शीव ओढ्यावरच्या मोरीपाशी आहे आणि तिथवर ते खिडकीतून माझ्याशी भाताच्या वाणांविषयी बोलत चालले. ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये गाडी ढकलत घामाघूम झाला. "काका, बसा ना गाडीत, सोडतो पुढे," असे तो काकुळतीने म्हणाला, तर व्याही त्याच्यावर चिडले. "मी गाडीत बसल्यावर मला सोडाया कोन येनार? आन् पोचवायचंय कुनी कुनाला?" मोरी आली. गाडी पलीकडे गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली, टोपी नीट केली, "बरं हाय मग, या" म्हणाले आणि मागे वळले. आमच्या सौभाग्यवती त्याच क्षणी म्हणाल्या, "मुलगी इथे सुखात राहील." मी मालमत्तेची सर्व कागदपत्रे तपासूनही या निष्कर्षाला इतक्या लवकर आलो नसतो.

पूर्वेकडून येणाऱ्या पाहुण्यांचे हे असे सोपे होते. अडचण डोंगरावर जाणाऱ्यांची होती. लवळ्याच्या वसतिगृहांतली मुले आणि हिंजवडीकडचे नोकरदार सुट्टीच्या दिवशी आडवाटेचे डोंगर शोधत फिरतात. त्यांतल्या कोणाला तरी हा डोंगर सापडला आणि त्याने मोबाइलवर त्याचे नाव 'बॉर्डर पीक' असे ठेवले. व्याह्यांना हे नाव मुळीच आवडले नाही. "बॉर्डर म्हंजी काय? हितं काय मिल्ट्री हाय व्हय?" असे ते मला दोन वेळा विचारून गेले, जणू मी ते नाव राजपत्रात प्रसिद्ध केले होते. नाव आवडले नाही, तरी माणसे आली म्हणजे पाहुणे आले. पाठीला पिशव्या लावलेली टोळी अंगणावरून जाऊ लागली, की व्याही काठी घेऊन उठत आणि काही न बोलता तिच्या मागे चालू लागत. सुरुवातीला याचे भलतेच अर्थ निघाले. वसतिगृहातल्या काही मुली एकदा घाबरून थांबल्या आणि त्यांच्यातली धीट मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही आम्हाला फॉलो का करताय?" व्याही शांतपणे म्हणाले, "तुमी माज्या म्होरं चालताय म्हून." हा युक्तिवाद मी वकिलांच्या तोंडूनही ऐकलेला नाही. त्या मुली हसू लागल्या आणि माथ्यापर्यंत त्यांना 'फॉलो' करणारा माणूस त्यांच्या पुढे चालून करवंदांची जाळी दाखवत होता.

खरी गंमत माथ्यावर होती. ही मंडळी कोकणात उतरणारी नव्हती. फोटो काढून आल्या वाटेने परत जाणारी होती. मग निरोप द्यायचा कसा? व्याह्यांनी या पेचावर जो तोडगा काढला, त्याला मी मनातल्या मनात त्यांची घटनादुरुस्ती म्हणतो. ते प्रत्येकाला शेंदरी दगडाच्या पलीकडे किमान एक पाऊल टाकायला लावत. पाऊल पडले की स्वतः अलीकडे उभे राहून हात जोडत आणि "बरं हाय मग, या" म्हणत. निरोप पूर्ण. मग ती माणसे वळून दगडाच्या अलीकडे आली, की याच गृहस्थांचा चेहरा एकदम उजळे. "आलात का? या, या! दमला असाल. चला घरला, पानी घ्या." म्हणजे क्षणापूर्वी ज्यांना निरोप दिला, तेच आता परजिल्ह्यातून आलेले नवे पाहुणे! त्यांना खाली आणून घरी पाणी, चहा, कधी नाचणीची भाकरी आणि त्यानंतर पुन्हा ओढ्यापर्यंत पोचवणे. आयुष्यात कोणी कधी 'आलात का' असे मनापासून न विचारलेली ती भाड्याच्या खोल्यांतली मुले या प्रकाराने खुळावून जात. कोणी तर माथ्यावर दगडाच्या इकडून तिकडे पुन्हा पुन्हा उड्या मारत आणि व्याही दर उडीला निरोप आणि स्वागत न कंटाळता करीत. डोंगराला किल्ला नसूनही दर रविवारी गर्दी का होते, याचे कोडे गावाला पडले होते. मला ते कधीच पडले नाही.

व्याही स्वतः मात्र त्या दगडाच्या पलीकडे जन्मात गेले नाहीत. एकदा वाऱ्याने त्यांची टोपी उडून पलीकडच्या कारवीत अडकली. अगदी जवळ दिसत होती. ते बोडक्या डोक्याने दगडापाशी बसून राहिले. माझी मुलगी बरोबर होती. ती म्हणाली, "मामा, चार पावलं तर आहेत. घ्या ना जाऊन." त्यावर ते म्हणाले, "सूनबाई, चार पावलं का हुईना, पलीकडं गेलो की मी त्यांचा पावना झालो. मग मला हितवर पोचवाया खालनं त्यांचा मानूस यायला पायजे. टोपीपायी त्या गरिबाला एवढा कडा चढाया लावू?" अखेर पनवेलहून आलेल्या कोण्या मुलाने ती टोपी काढून दिली. त्यालाही अर्थातच घरी नेऊन चहा पाजण्यात आला. पैशांचे नाव काढलेले त्यांना खपत नसे. एका नोकरदाराने चहानंतर मोबाइल पुढे करून "काका, स्कॅनर कुठाय तुमचा?" असे विचारले, तेव्हा व्याह्यांना आधी प्रश्न समजला नाही, आणि समजल्यावर ते उठून गोठ्यात गेले आणि तो गृहस्थ निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. तेवढ्या एका पाहुण्याला त्यांनी ओढ्यापर्यंत पोचवले नाही. आणि रात्री जेवताना "उगं न्हाई पोचवलं त्याला," असे तेच पुटपुटत होते, हे विहीणबाईंनी मला सांगितले. विहीणबाईंचे डोंगराविषयीचे मत वेगळे होते. "डोंगूर न्हाई त्यो, माजी सवत हाय," असे त्या म्हणत. "ऐतवारी तिच्याकडं, बाकीच्या दिशी तिच्या आठवनीत."

माझा स्वतःचा डोंगरावरचा निरोप मात्र राहून गेला. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्यांनी मला वर न्यायचा घाट घातला. निम्म्या वाटेवर एक उंबर आहे. तिथपर्यंत पोचलो आणि माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. व्याही गोंधळले. पाहुण्याला अर्ध्या वाटेवर निरोप देण्याची तरतूद त्यांच्या रीतीत नव्हती. त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, उंबराकडे पाहिले आणि शेवटी म्हणाले, "इवाई, तुमचा निरोप माज्याकडं बाकी ऱ्हायला. पाय बरा करून घ्या. मग वर जाऊ, तुमी पलीकडं पाऊल टाका, मी हात जोडतो." त्यानंतर दर भेटीत, खुशाली विचारण्याच्याही आधी, ते माझ्या गुडघ्याकडे पाहत. "न्हाई अजून?" "नाही." "बरं. डोंगूर काय पळून जात न्हाई."

डोंगर पळून गेला नाही, हे खरे. तो तिथेच आहे. त्याच्याकडे जाणारी वाट पळवली गेली.

पुण्याकडचे एक धनिक गृहस्थ एका रविवारी इतर हौशी मंडळींसारखेच डोंगरावर आले. व्याह्यांनी त्यांच्याही मागे काठी टेकत माथा गाठला, त्यांनाही पलीकडे पाऊल टाकायला लावले, त्यांनाही "आलात का?" म्हणून हाताला धरून खाली आणले आणि जेवू घातले. जेवताना ते गृहस्थ डोंगराकडे बघत म्हणाले, "काय जागा आहे हो! इथे घर बांधून राहावंसं वाटतं." व्याही म्हणाले, "बांधा की!" आपल्याकडे पाहुणा 'निघतो' म्हणाला की यजमान 'राहा की आठ दिवस' म्हणतो, आणि पाहुणा खरोखर आठ दिवस राहील, अशी भीती कोणाला वाटत नाही. 'बांधा की' हे त्याच जातीचे वाक्य होते. पण हा पाहुणा दुसऱ्या जगातला होता. पावसाळा संपताच त्याने व्याह्यांच्या चुलत भावाकडून पायथ्याची जमीन रीतसर विकत घेतली, भोवती काटेरी तार ओढली आणि डोंगराच्या वाटेवर, जिथून पिढ्यान्‌पिढ्या गुरे आणि माणसे वर जात होती नेमके तिथे, लोखंडी गेट बसवले. गेटवर पाटी लागली: खाजगी मालमत्ता, प्रवेश निषिद्ध.

ही बातमी मला मुलीने फोनवर सांगितली, तेव्हा माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन मी नुकता काठीशिवाय चालू लागलो होतो. माणसे निवृत्तीनंतर मंदिराजवळ किंवा मंडईजवळ घर घेतात; मी पौडला तहसील कचेरीच्या हाकेच्या अंतरावर घेतले आहे, जेणेकरून अर्ज स्वहस्ते देऊन त्याची पोच शिक्क्यासह घेता यावी. नोकरीची सारी वर्षे एका सहकारी संस्थेच्या विधी विभागात गेली असल्याने वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर काय करायचे, हे मला झोपेतही सांगता येते. मामलेदार न्यायालय अधिनियमाचे पाचवे कलम त्यासाठीच आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत फिर्याद दाखल करायची, मामलेदाराने जागेवर येऊन पाहायचे आणि अडथळा दूर करवायचा. डोंगराच्या खांद्यावर व्याह्यांचा वरकस, म्हणजे नाचणी-वरीपुरत्या हलक्या, जमिनीचा एक तुकडा आहे. वाडवडिलांपासून ते याच वाटेने तिथे जातात. याहून भक्कम बाजू कोणाची असणार? मी एका बैठकीत फिर्याद लिहून काढली. तिच्यात एक शब्द अधिक नव्हता आणि एक शब्द उणा नव्हता. केवळ सही हवी होती.

व्याह्यांनी फिर्याद माझ्याकडून वाचून घेतली. लक्षपूर्वक ऐकली. मग म्हणाले, "लई झ्याक लिवलंय, इवाई. पर म्या सही न्हाई करनार."

"का?"

"मीच त्याला बांधा म्हनालो."

"अहो, घर बांधा म्हणालात! वाट अडवा म्हणालात का? आणि बोलण्याच्या ओघात म्हटलेल्या वाक्याला संमती समजत नाहीत. कायद्याने—"

"कायद्यानं नसंल. पर त्यो माज्या घरी जेवलाय. मी त्याला शिवंपातुर पोचवलाय. ज्याला हात जोडून 'या' म्हनलो, त्यो आला तर आता त्याच्यावर कचेरीत जाऊ? 'या' म्हनलं म्हंजी काय, उगं तोंडाची वाफ दवडली व्हय?"

मी गावातल्या इतरांकडे गेलो. निम्म्यांनी आपली जमीन याच पद्धतीने विकलेली होती आणि उरलेल्यांना ती विकायची होती. चुलत भाऊ मला पाहताच मागच्या दाराने शेतावर जाई. मी स्वतःच्या नावाने अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि अदबीने विचारले, "साहेब, तिथं तुमची जमीन आहे का?" नाही. "तुम्ही त्या वाटेनं वहिवाट करत होतात का?" एकदा निम्म्यापर्यंत गेलो होतो. "मग तुमचं नातं काय?" मी म्हणालो, व्याही. तो म्हणाला, "साहेब, फिर्याद ज्याची वाट अडली त्याचीच लागते. त्यांची सही आणा, आजच दाखल करून घेतो." तो म्हणाला ते कायद्याला धरून होते. त्याच्याशी भांडायला तसूभरही जागा नव्हती, आणि आयुष्यात मला इतका संताप दुसऱ्या कोणत्याही गोष्टीचा आला नसेल.

मग मी रविवारी गेटपाशी उभा राहू लागलो. ज्यांना हा डोंगर एवढा प्रिय होता, ती तरुण मंडळी तरी उठतील, असे मला वाटले. ती येत, पाटी वाचत, माझे म्हणणे अतिशय नम्रपणे ऐकून घेत. "काका, फार वाईट झालं," असे म्हणत. मग त्यांच्यातला कोणी तरी मोबाइलमध्ये पाहून सांगे, "इट्स ओके, इथून पुढे अर्ध्या तासावर दुसरा पॉइंट आहे. व्ह्यू सेमच आहे." आणि गाड्या वळत. ज्यांनी त्या दगडावरून उड्या मारमारून व्याह्यांना दमवले होते, त्यांच्यापैकी एकानेही गेटच्या सळईला हात लावला नाही. वर्तमानपत्राला मी पत्र पाठवले. ते छापून आले, मात्र माझा संताप जागेअभावी गाळण्यात आला होता.

इकडे व्याह्यांचे वर्तन पूर्णपणे माझ्या आकलनापलीकडचे होते. गेटवर लांबून आलेला एक राखणदार नेमला होता. व्याह्यांच्या हिशेबी तोही शिवेतला पाहुणाच. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला भाकरी आणि कोरड्यास नेऊन दिले आणि पुढे ते रोजचेच झाले. म्हणजे ज्याला यांना अडवण्यासाठी ठेवले होते, त्याचे पोट यांच्या चुलीवर भरत होते. "चाचा, मैं क्या करूँ, साब का ऑर्डर है," असे तो डोळ्यांत पाणी आणून म्हणे, आणि व्याही त्याचीच समजूत घालत. मी रागावलो तर म्हणाले, "त्यो त्याच्या गावाला निगंल तवा त्याला कुटवर पोचवायचं, त्याचा इचार करतुया. लई लांब हाय म्हनं त्याची शीव."

सहा महिन्यांची मुदत सरत आली होती, तेव्हाची गोष्ट. मी फिर्याद पुन्हा टंकून, खिशात दोन पेने ठेवून गावी गेलो. व्याही गेटपाशी राखणदाराशी बोलत होते. तेवढ्यात मोटारीतून ते मालक स्वतः आले. मी पुढे झालो. कलमे, पोटकलमे, वहिवाट, सारे माझ्या जिभेवर होते. पण माझ्या आधी व्याही पुढे झाले आणि म्हणाले, "आलात का? जेवलात न्हवं?"

ते गृहस्थ वरमले. दुष्ट नव्हते, दुष्ट असते तर मला लिहायला सोपे गेले असते. त्यांनी व्याह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काका, तुम्हाला राग आला असेल. पण लोक येतात, बाटल्या टाकतात, गोंधळ घालतात. म्हणून गेट केलं. तुमच्यासाठी मात्र हे गेट कधीही उघडं. मी सांगून ठेवतो ना! तुम्ही हवं तेव्हा वर जा. फक्त तुम्ही."

"परवानगी आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," मी गरजलो. "दिलेली परवानगी उद्या काढून घेता येते. व्याही, ही परवानगी स्वीकारू नका!"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते गेटच्या सळयांतून वर, उंबराच्या दिशेने बघत होते. मग ते त्या गृहस्थांना म्हणाले, "मी एकला वर जाऊन कुनाला पोचवू?"

गृहस्थ हसल्यासारखे करून गाडीत बसले. राखणदाराने मान खाली घालून गेट उघडले, गाडी आत गेली, गेट बंद झाले. मी खिशातली फिर्याद काढून व्याह्यांपुढे धरली. त्यांनी ती घेतली, नीट घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवून वरून थोपटली. "तुमी लई केलंत, इवाई," ते म्हणाले. "चला, च्या घिऊ."

मुदत संपली. मी त्यानंतरही पत्रे लिहिली आणि अजूनही लिहितो, कारण दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे, हद्दीवरून जाणाऱ्या रस्त्यासाठी महसूल संहितेत वेगळी तरतूद आहे आणि निराश होणे माझ्या प्रकृतीत नाही. पण सहीशिवायचे ते कागद आहेत, हे मला ठाऊक आहे. रविवारी गावात आता मोटारी येत नाहीत. वाटेवर गवत माजले आहे. व्याही सकाळी काठी घेऊन ओट्यावर बसतात, रस्त्याकडे बघतात आणि ऊन चढले की काठी भिंतीला टेकवून आत जातात. विहीणबाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इवाई, सवत म्हून तिला लई बोलले मी. पर तिच्याबिगार ह्यो मानूस घरात मावत न्हाई हो."

मागच्या रविवारी गेलो होतो. जेवणे झाली. बाहेर पडताना त्यांनी सवयीने माझ्या गुडघ्याकडे पाहिले. तो आता उत्तम आहे. मी म्हणालो, "झाला बरा." ते "व्हय" म्हणाले आणि अंगणात उतरले. आम्ही दोघे नेहमीप्रमाणे ओढ्याच्या मोरीकडे चालू लागलो. गाडी मी मुद्दाम पलीकडे उभी केली होती. पाठीमागे डोंगर सारी वाटभर होता, पण आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिले नाही. मोरीपाशी ते थांबले, मी पलीकडे गेलो. त्यांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि म्हणाले, "बरं हाय मग, या."

मी गाडीचे दार उघडले. आणि मग, का ते मला कोणत्याही कायद्याच्या आधारे सांगता येणार नाही, ते दार तसेच लावून टाकले, वळलो आणि मोरी ओलांडून अलीकडे आलो.

व्याही पाठमोरे झाले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिले. क्षणभर त्यांना काही उमगले नाही. मग तो चेहरा, जो मी उंबराच्या वर कधी गेलो नाही म्हणून केवळ मुलीच्या तोंडून ऐकला होता, हळूहळू उजळत गेला.

"आलात का?" ते म्हणाले. "या, या. दमला असाल. चला घरला, पानी घ्या."

परतीच्या वाटेवर ते माझ्या पुढे चालले. घर दिसू लागल्यावर म्हणाले, "डोंगरावरचा तुमचा निरोप मातुर ऱ्हायला, इवाई."

"राहू द्या," मी म्हणालो. "आपल्या वयात एखादा निरोप बाकी असलेला बरा."

ते त्यावर हसले की नाही, ते मी पाहिले नाही. दारात विहीणबाई भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "आता कोन आलं?"

"पावनं हायेत," व्याही म्हणाले. "पानी आन."

विहीणबाईंनी वर पाहिले. घटकाभरापूर्वी त्यांनीच मला निरोप दिला होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, राखेचे हात पदराला पुसले आणि काही न विचारता पाणी आणायला आत गेल्या.